संदर्भनिर्देश शैली व शैली-संपादक

संदर्भनिर्देश शैली व शैली-संपादक : ग्रंथ, प्रबंध वा शोधलेख लिहिताना लेखकाने ज्या साधनांचा आधार घेतला असेल, त्यांचा उल्लेख कोणत्या ठिकाणी, कोणत्या क्रमाने व कोणत्या विरामचिन्हांनी करावयाचा, यासंबंधीच्या नियमसमूहास संदर्भनिर्देश शैली म्हणतात. हे नियम संगणकाला समजतील अशा रीतीने नोंदविणे, तपासणे व त्यांत फेरफार करणे यांसाठी तयार केलेल्या आज्ञावलीस शैली-संपादक ही संज्ञा आहे. येथे संपादक हा शब्द व्यक्तिवाचक नसून साधनवाचक आहे. संदर्भनिर्देशाची परंपरा अनेक शतकांची आहे. शैली-संपादक मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आला. शैलीचे नियम जाणणारा विद्वान व ते नियम यंत्राला सांगू शकणारा तंत्रज्ञ या दोघांत संगणकामुळे जे अंतर पडले, ते मिटविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास म्हणजेच शैली-संपादकाचा इतिहास होय.

स्वरूप : एकाच ग्रंथाचा निर्देश निरनिराळ्या शैलींत कसा बदलतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. महामहोपाध्याय पां. वा. काणे (१८८०–१९७२) यांच्या धर्मशास्त्रविषयक इंग्रजी ग्रंथाच्या पहिल्या खंडाचा निर्देश लेखक-वर्ष पद्धतीत ‘काणे, पां. वा. (१९३०). हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र, खंड १. पुणे : भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर’ असा होतो व लेखाच्या ओघात केवळ ‘(काणे, १९३०)’ एवढेच लिहावे लागते. टीप पद्धतीत तोच निर्देश ‘पां. वा. काणे, हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र, खंड १ (पुणे : भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९३०)’ असा पृष्ठाच्या तळाशी येतो. क्रमांक पद्धतीत लेखात फक्त एक अंक असतो आणि अखेरच्या सूचीत त्या अंकापुढे ग्रंथाचा तपशील असतो. तिन्ही रूपांतील माहिती एकच आहे. बदलतात ते तिचा क्रम, तिची विरामचिन्हे व तिचे स्थान. माहिती व मांडणी यांची ही फारकत लक्षात आल्यावरच या कामाचे यांत्रिकीकरण शक्य झाले.

पूर्वेतिहास : आधाराचा उल्लेख करण्याची प्रथा मुद्रणकलेच्या कितीतरी आधीची आहे. संस्कृत भाष्यकार व निबंधकार उद्धृताच्या अखेरीस ‘इति’ हे पद योजून मनू, याज्ञवल्क्य इत्यादींचे नाव देत. अध्याय व श्लोकांक मात्र क्वचितच दिलेला असे. कारण वाचकाला मूळ ग्रंथ मुखोद्गत असणार, हे त्यात गृहीत होते. पूर्वपक्ष मांडताना तर ‘केचित्’, ‘अपरे’ एवढ्याच उल्लेखावर पुष्कळदा काम भागविले जाई. पाठांतराची ही परंपरा क्षीण झाल्यावर अशा उद्धृतांचे मूळ स्थळ शोधून काढणे, हे आधुनिक संशोधकांचे एक स्वतंत्र कार्यच होऊन बसले. काणे यांच्या उपर्युक्त पाच खंडांच्या ग्रंथातील (१९३०–६२) विस्तृत तळटीपा या दृष्टीने मननीय आहेत.

यूरोपात इंग्लंडमधील मठवासी विद्वान बीड (सु. ६७३–७३५) याने बायबलवरील आपल्या टीकाग्रंथांत समासामध्ये आद्याक्षरे लिहून कोणते विधान ऑगस्टीनचे, कोणते अँब्रोझचे, कोणते जेरोमचे व कोणते ग्रेगरीचे, हे दाखविले. प्रती करणाऱ्यांनी ही चिन्हेही जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, अशी विनंतीही त्याने केली होती. तथापि सर्वच प्रतींत ती टिकली नाहीत. दुसऱ्याचे विधान आपले म्हणून खपले जाऊ नये, ही त्यामागील भावना आजच्या संदर्भनिर्देशाच्या मुळाशीही आहे.

मुद्रणामुळे एकाच ग्रंथाच्या असंख्य प्रतींत पृष्ठांक समान झाले आणि आधाराचे नेमके स्थळ सांगणे शक्य झाले. फ्रेंच विचारवंत प्येअर बेल (१६४७–१७०६) याच्या ऐतिहासिक व चिकित्सक कोशात (१६९७) मूळ मजकुरापेक्षा टीपांनीच अधिक जागा व्यापली. एडवर्ड गिबन (१७३७–९४) याच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील ग्रंथाचा पहिला खंड १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील टीपा खंडाच्या अखेरीस छापलेल्या होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम (१७११–७६) याने मुद्रकास पत्र लिहून याबद्दल तक्रार केली. टिपेची खूण दिसली की वाचकाने खंडाच्या शेवटाकडे जावे आणि तेथे बहुधा नुसते ग्रंथाचे नाव आढळावे, हे त्रासदायक आहे. असे आधार समासात वा पृष्ठाच्या तळाशीच छापावेत, असे त्याचे म्हणणे होते. पुढील आवृत्त्यांत त्याप्रमाणे बदल झाला. संदर्भाची मांडणी वाचकाच्या सोयीची असली पाहिजे, हा विचार येथे स्पष्टपणे व्यक्त झालेला दिसतो. एकोणिसाव्या शतकात लेओपोल्ट फोन रांके (१७९५–१८८६) व त्याच्या अनुयायांनी मूळ कागदपत्रांच्या आधारावर भर दिल्याने तळटीप ही इतिहासलेखनाच्या विश्वासार्हतेची खूण ठरली.

शैलीग्रंथांचा उदय : अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठाचे प्राणिवैज्ञानिक एडवर्ड लॉरेन्स मार्क (१८४७–१९४६) यांनी १८८१ मध्ये एका गोगलगाय-वर्गीय प्राण्यावरील आपल्या निबंधात लेखकाचे नाव व वर्ष कंसात देऊन सविस्तर तपशील अखेरच्या सूचीत दिला. यावरून लेखक-वर्ष पद्धतीला पुढे ‘हार्व्हर्ड पद्धती’ हे नाव मिळाले. नैसर्गिक विज्ञानांत एखादे निरीक्षण कोणी व केव्हा नोंदविले याला महत्त्व असल्याने ही पद्धती तेथे रूढ झाली. मूळ साधनांच्या लांबलचक तपशिलाची गरज असलेल्या इतिहासादी विषयांत टीप पद्धतीच टिकून राहिली.

मुद्रणालये व विद्वत्परिषदा यांनी आपापले नियम ग्रथित केल्यामुळे विसाव्या शतकात शैलीग्रंथांची परंपरा निर्माण झाली. शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने आपल्या जुळाऱ्यांसाठी व मुद्रितशोधकांसाठी जमविलेल्या नियमांचे पुस्तक १९०६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची अठरावी आवृत्ती २०२४ मध्ये निघाली. त्याच विद्यापीठातील प्रबंधांचे काम पाहणाऱ्या केट टुरेबियन (१८९३–१९८७) यांनी १९३७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी त्याचे सुटसुटीत रूप तयार केले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची शैली (एपीए) १९२९ मध्ये केवळ सात पृष्ठांच्या लेखाच्या रूपाने अवतरली. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनचे शैलीपत्रक (एमएलए) १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे एकत्र आले व त्यांनी क्रमांक पद्धतीचे समान नियम ठरविले; ही शैली त्या शहराच्या नावाने ओळखली जाते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनेही ‘आयएसओ ६९०’ या क्रमांकाचे मानक तयार केले.

या शैलीग्रंथांचा वाचक मनुष्य होता. नियमात काही न्यून राहिले, तर जाणकार मुद्रितशोधक ते आपल्या तारतम्याने भरून काढी. ‘दोन लेखक असल्यास दोघांचीही नावे द्यावीत’ असे वाचल्यावर लेखक अजिबात नसल्यास काय करावे, हे त्याला वेगळे सांगावे लागत नसे. परंतु या पद्धतीत श्रम पुष्कळ होते. एका नियतकालिकाने नाकारलेला लेख दुसऱ्याकडे पाठवावयाचा, तर सर्व संदर्भ नव्याने टंकलिखित करावे लागत. प्रमादांनाही वाव होता. ‘तत्रैव’ म्हणजे लगतच्या आधीच्या टिपेतील ग्रंथ. मजकुरात मागाहून एखादी नवी टीप घातली गेली आणि पुढील ‘तत्रैव’ तसाच राहिला, तर तो भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागे व प्रामाणिक लेखकाच्या नावावर खोटा आधार नोंदला जाई. अशी चूक वाक्याच्या अर्थावरून उमगत नसल्याने ती मुद्रितशोधकाच्याही नजरेतून निसटे.

यांत्रिकीकरणाचा आरंभ : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मायकेल लेस्क यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘रेफर’ ही आज्ञावली तयार केली. लेखकाने मजकुरात लेखकाचे आडनाव, शीर्षकातील एखादा शब्द अशी त्रोटक खूण लिहावी व यंत्राने संदर्भसंचातून संपूर्ण तपशील शोधून योग्य ठिकाणी घालावा, अशी तिची योजना होती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ब्रायन रीड यांच्या ‘स्क्राइब’ या अक्षरजुळणी प्रणालीत ग्रंथांची माहिती व तिची मांडणी परस्परांपासून वेगळी ठेवण्यात आली. याच धर्तीवर ओरेन पॅटाश्निक व लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८५ मध्ये ‘बिबटेक’ ही प्रणाली सिद्ध केली. गणित, भौतिकी व संगणकविज्ञान या क्षेत्रांत तिचा फार मोठा प्रसार झाला.

बिबटेकमध्ये शैली ही स्वतंत्र धारिणी होती व ती एका खास संगणकीय भाषेत लिहावी लागे. या भाषेत आधी पदे व नंतर क्रिया असा क्रम होता. म्हणजे ‘दोन अधिक तीन’ असे न लिहिता ‘दोन, तीन, बेरीज’ असे लिहावयाचे. यंत्राच्या दृष्टीने ही रचना सोपी, पण साहित्याच्या वा इतिहासाच्या अभ्यासकाला ती दुर्बोध होती. स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम घालण्यासारखा किरकोळ बदलही त्यामुळे जाणकाराच्या मदतीवाचून अवघड होऊन बसला. पूर्वी प्रत्येक मुद्रणालयाला स्वतःची शैली ठरविण्याचे जे स्वातंत्र्य होते, ते आता आज्ञावली लिहू शकणाऱ्यांपुरते उरले.

प्रश्नावली व साचे : ही अडचण दूर करण्याचे पहिले प्रयत्न दोन दिशांनी झाले. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेत काम करणारे पॅट्रिक डेली यांनी १९९० नंतरच्या दशकात ‘मेकबीएसटी’ हे साधन तयार केले. लेखकाचे नाव आधी की आडनाव आधी, वर्ष कंसात हवे की अखेरीस, किती लेखकांनंतर ‘व इतर’ लिहावयाचे, असे प्रश्न ते एकामागून एक विचारी आणि मिळालेल्या उत्तरांवरून शैलीची धारिणी आपोआप तयार करी. संगणकीय भाषा न येणाऱ्या माणसाला शैली घडविता येते, हे या साधनाने सिद्ध केले. परंतु प्रश्नांची मालिका लांबलचक होती व उत्तराचा परिणाम सर्व प्रश्न संपेपर्यंत दिसत नसे.

दुसरी दिशा साच्यांची होती. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेल्या ‘एंडनोट’ या आज्ञावलीत ग्रंथ, लेख, प्रबंध अशा प्रत्येक साधनप्रकारासाठी एक साचा असे. ‘लेखक (वर्ष). शीर्षक. स्थळ : प्रकाशक’ असे घटक व विरामचिन्हे वापरणाऱ्याने प्रत्यक्ष क्रमाने लिहावयाची. डोळ्यांना दिसते त्याच रूपात नियम लिहिण्याची ही रीत विद्वानांना रुचली. मात्र तिच्यातही एक पेच होता. एखाद्या ग्रंथाचे प्रकाशनस्थळ ठाऊक नसेल, तर त्याच्यापुढील अपूर्णविरामही गळला पाहिजे. एरवी ‘ : प्रकाशक’ असे विद्रूप रूप छापले जाईल. कोणते विरामचिन्ह कोणत्या घटकाला बांधलेले आहे, हे सांगण्यासाठी साच्यात उभी रेघ व तत्सम खास चिन्हे घालावी लागत. दिसण्यात सोपा असलेला साचा अशा रीतीने पुन्हा सांकेतिक होत गेला. संदर्भशैलीतील खरी गुंतागुंत घटकांच्या क्रमापेक्षा, एखादा घटक अनुपस्थित असताना काय करावयाचे यात आहे, हे या अनुभवावरून ध्यानात आले.

सामाईक शैलीभाषा : एका आज्ञावलीसाठी लिहिलेली शैली दुसरीत चालत नसल्याने तेच काम पुनःपुन्हा करावे लागे. अमेरिकेतील ओहायओ राज्यातील मायामी विद्यापीठाचे भूगोलज्ञ ब्रूस डार्कस यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘सायटेशन स्टाइल लँग्वेज’ (संक्षेपाने सीएसएल) ही खुली शैलीभाषा प्रवर्तित केली. जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहास व नवमाध्यम केंद्राने २००६ मध्ये प्रसृत केलेल्या ‘झोटेरो’ या संदर्भव्यवस्थापन प्रणालीने ती स्वीकारली. पुढे ‘मेंडेली’ इ. अन्य प्रणालींनीही तिचा अवलंब केला. जपानमधील नागोया विद्यापीठात कायद्याचे अध्यापन करणारे फ्रँक बेनेट यांनी या भाषेतील नियम अंमलात आणणारी आज्ञावली लिहिली. भाषेची १·० ही आवृत्ती २०१० मध्ये निश्चित झाली. या कामात भूगोल व विधी या विषयांतील अध्यापक अग्रभागी होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. कारण शैलीच्या नियमांची सूक्ष्मता त्यांना स्वानुभवाने ठाऊक होती.

सीएसएलमध्ये शैलीची रचना वृक्षासारखी असते. मजकुरातील निर्देश व अखेरची सूची या तिच्या दोन मुख्य शाखा. दोन्ही शाखांना लागणारे नियमांश, उदा., लेखकाचे नाव कसे लिहावे, हे ‘मॅक्रो’ या नावाने एकदाच लिहून ठेवता येतात. ‘साधन ग्रंथ असल्यास असे, लेख असल्यास तसे’ अशा अटी घालता येतात. घटकांचे गट करता येतात व गटातील सर्व घटक अनुपस्थित असल्यास तो गट आपल्या विरामचिन्हांसह गळून पडतो. त्यामुळे साच्यांतील उपरिनिर्दिष्ट पेच बऱ्याच अंशी सुटला. ‘तत्रैव’ केव्हा लिहावयाचे, हे प्रत्येक फेरफारानंतर यंत्र नव्याने ठरविते. एकाच लेखकाचे एकाच वर्षीचे दोन ग्रंथ असल्यास वर्षापुढे अक्षर जोडून त्यांतील भेदही ते दाखविते. ‘संपादक’, ‘पृष्ठ’, ‘व इतर’ यांसारखे भाषानिष्ठ शब्द शैलीत न लिहिता प्रत्येक भाषेच्या वेगळ्या धारिणीत ठेवलेले असतात.

या भाषेतील सार्वजनिक भांडारात दहा हजारांहून अधिक शैली जमा झाल्या. त्यांपैकी बहुसंख्य शैली आश्रित स्वरूपाच्या आहेत. म्हणजे त्यांत नियतकालिकाचे नाव व ‘अमुक मूळ शैलीप्रमाणे’ एवढाच निर्देश असतो. एवढी विपुलता असूनही सामान्य अभ्यासकाची अडचण संपली नाही. आपल्याला हवी ती शैली भांडारात आहे की नाही, हे तिचे नाव ठाऊक असल्याखेरीज कळत नसे आणि नसल्यास काही शंभर ओळींची सांकेतिक धारिणी उघडून बदल करणे प्राप्त होई.

दृश्य शैली-संपादक : कोलंबिया विद्यापीठाची ग्रंथालये व मेंडेली यांनी स्लोन प्रतिष्ठानाच्या आर्थिक साहाय्याने सीएसएलसाठी एक दृश्य शैली-संपादक तयार केला व तो २०१२ मध्ये सर्वांना खुला झाला. त्यात चार विभाग होते : नावावरून शोध, उदाहरणावरून शोध, दृश्य संपादन व संहितेचे संपादन. यांपैकी दुसरा व तिसरा विभाग या विषयाच्या इतिहासात महत्त्वाचे आहेत.

उदाहरणावरून शोध घेताना वापरणाऱ्यापुढे एका ठराविक साधनाचा निर्देश मांडला जातो. त्याने आपल्या नियतकालिकात छापतात त्याप्रमाणे तो दुरुस्त करावयाचा. स्वल्पविराम काढावा, वर्ष पुढे आणावे, शीर्षक तिरप्या ठशात करावे, एवढे केले की यंत्र भांडारातील सर्व शैलींनी घडविलेल्या त्याच निर्देशाशी त्याची अक्षरशः तुलना करते व सर्वांत जवळच्या शैली पुढे ठेवते. शैलीचे नाव माहीत नसले, तरी तिचे रूप अभ्यासकाला माहीत असते, या साध्या निरीक्षणावर ही योजना आधारलेली आहे.

दृश्य संपादनात वरच्या बाजूस काही साधनांचे सिद्ध निर्देश, एका बाजूस नियमांचा वृक्ष व दुसऱ्या बाजूस निवडलेल्या नियमाचे गुणधर्म दिसतात. निर्देशातील ‘१९३०’ या वर्षावर खूण केली की ते ज्या नियमाने उमटले, तो नियम वृक्षात उजळतो. गुणधर्मात बदल केला की निर्देश तत्काळ बदललेले दिसतात. मेकबीएसटीमध्ये परिणाम सर्वांत शेवटी दिसत असे, येथे तो प्रत्येक पावलाला दिसतो. परिणामावरून नियमाकडे जाण्याची ही उलटी वाट मुद्रितशोधकाच्या जुन्या सवयीशी जुळणारी आहे; तोही आधी चुकीचे रूप पाहतो व मग नियम आठवतो.

रचनेची तत्त्वे : या प्रयत्नांवरून सुलभ शैली-संपादकाच्या रचनेची काही तत्त्वे सांगता येतात. (१) नवी शैली घडविण्यापूर्वी जवळची शैली शोधून देणे. कारण बहुतेक गरजा अस्तित्वात असलेल्या एखाद्या शैलीत किरकोळ बदल करून भागतात. (२) प्रत्येक बदलाचा परिणाम लगेच दाखविणे. (३) एका नियमांशाचा उपयोग अनेक ठिकाणी होत असल्यास त्याची स्पष्ट जाणीव देणे. ग्रंथाच्या निर्देशातील नाव बदलावयास जावे आणि लेखांचे, प्रबंधांचे व टीपांचे निर्देशही नकळत बदलावेत, असा अपघात मॅक्रोंच्या वापरामुळे घडू शकतो. (४) परीक्षेसाठी घेतलेली उदाहरणे विविध असणे : एक लेखक, अनेक लेखक, लेखक नसलेले साधन, वर्ष नसलेले साधन, केवळ संपादक असलेला ग्रंथ. (५) भाषेच्या व्याकरणात न बसणारी रचना करू न देणे, पण व्याकरणशुद्ध असा कोणताही चमत्कारिक नियम करण्यास मात्र आडकाठी न करणे. (६) बदललेली शैली नव्या नावाने साठवून मूळ शैली अबाधित ठेवणे.

तथापि उदाहरणावरून नियम ओळखण्याच्या पद्धतीला एक मूलभूत मर्यादा आहे. ‘काणे, पां. वा.’ एवढ्या एका रूपावरून शैलीत नावे संक्षेपाने लिहितात असा नियम आहे, की त्या ग्रंथाच्या नोंदीतच आद्याक्षरे होती, हे ठरविता येत नाही. दुसऱ्या लेखकाचेही आडनाव आधी येते किंवा काय, हेही त्यावरून कळत नाही. उदाहरण एका प्रसंगाचे असते, नियम सर्व प्रसंगांचा असतो. अनेक उदाहरणे घेतल्याने संदिग्धता कमी होते, पण ती सर्वस्वी नाहीशी होत नाही; अखेर कोठे तरी माणसाने नियम शब्दांत सांगावाच लागतो. म्हणून उत्तम शैली-संपादक उदाहरणाने आरंभ करतो व जेथे उदाहरण अपुरे पडते तेथे नेमका प्रश्न विचारतो. साचा, प्रश्नावली व दृश्य वृक्ष हे तिन्ही मार्ग परस्परांना पूरक आहेत, असा या इतिहासाचा निष्कर्ष निघतो.

शैली स्थिर नसतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. एपीए शैलीच्या सातव्या आवृत्तीने (२०१९) ग्रंथाचे प्रकाशनस्थळ वगळले व सूचीत वीस लेखकांपर्यंत सर्वांची नावे देण्याचा नियम केला. त्याआधीच्या आवृत्तीत ही मर्यादा सात होती. अशा प्रत्येक बदलाबरोबर त्या शैलीची संगणकीय धारिणीही बदलावी लागते. ते काम सुकर करणे, हेही शैली-संपादकाचे एक प्रयोजन होय.

मराठीतील प्रश्न : पाश्चात्त्य शैलींत व्यक्तिनामाचे व्यक्तिगत नाव व कुलनाम असे भाग गृहीत धरलेले असतात. मराठी नावांना ही विभागणी बहुधा लागू पडते. दक्षिण भारतातील नावांना ती पडतेच असे नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या नावात पहिले पद गावाचे, दुसरे वडिलांचे व तिसरे त्यांचे स्वतःचे आहे. ‘रंगनाथन’ हे कुलनाम नव्हे. यंत्राने ते कुलनाम मानले, तरी सुदैवाने सूचीतील स्थान चुकत नाही, पण सर्वच नावांच्या बाबतीत असे घडत नाही. टोपणनावांचा प्रश्न मराठीत विशेष आहे. विशाखा हा काव्यसंग्रह कुसुमाग्रज या नावाने व नटसम्राट हे नाटक वि. वा. शिरवाडकर या नावाने ओळखले जाते. सूचीत दोन्ही एकत्र आणावयाचे की ग्रंथावरील नावाशी इमान राखावयाचे, हा निर्णय शैलीत स्पष्ट करावा लागतो.

एकोणिसाव्या शतकातील अनेक मराठी ग्रंथांवर शालिवाहन शक छापलेला आढळतो. त्यात ७८ मिळविल्यास इसवी सन येतो. पण शकवर्ष चैत्रात बदलत असल्याने त्याचे अखेरचे महिने पुढील इसवी सनात मोडतात. त्यामुळे नुसत्या शकावरून केलेले रूपांतर एका वर्षाने चुकू शकते व लेखक-वर्ष पद्धतीत वर्ष हीच ओळख असल्याने ही चूक संदर्भाच्या मुळाशी भिडते. वर्णक्रमातही मतभेद आहेत : काही सूचींत ‘क्ष’ व ‘ज्ञ’ वर्णमालेच्या अखेरीस येतात, तर काहींत ते अनुक्रमे ‘क’ व ‘ज’ यांच्या पोटात घेतात. याउलट काही बाबतींत मराठीचे काम सोपे आहे. इंग्रजीत संपादक एक की अनेक यावरून संक्षेप बदलतो, मराठीत ‘संपा.’ दोन्हींना चालतो. ‘तत्रैव’ व ‘उनि.’ (उपरिनिर्दिष्ट) हे संक्षेपही मराठी प्रबंधांत रुळलेले आहेत [⟶ ग्रंथसूची].

हे सर्व नियम मराठी संशोधक, मुद्रितशोधक व ग्रंथपाल यांना व्यवहाराने ठाऊक आहेत. पण ठाऊक असलेला नियम यंत्राला सांगण्याचे साधन हाती नसेल, तर लेखक परक्या शैलीचा तयार साचा वापरतो व ‘व इतर’ च्या जागी लॅटिन संक्षेप, शकाच्या जागी अंदाजाचा सन आणि टोपणनावाच्या जागी भलतेच आडनाव छापले जाते. संदर्भाचा हेतू वाचकाला मूळ ग्रंथापर्यंत पोहोचविणे हा आहे. ज्या भाषेत तो ग्रंथ सूचिबद्ध झाला, त्या भाषेच्या रीतीने त्याचा निर्देश झाला, तरच ग्रंथालयाच्या तालिकेत तो सापडतो. म्हणून शैली-संपादकाची सुलभता हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. लहान नियतकालिके, विद्यापीठांचे भाषाविभाग व संशोधन मंडळे यांना आपली परंपरा यंत्रयुगात टिकविता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून आहे.